पाठ उत्तम, वर्ग हाताबाहेर: सोलापुरातल्या एका छात्राध्यापिकेच्या आत्मविश्वासाचे प्रकरण

बी.एड.च्या निरीक्षण वह्या चाळल्या तर एक शेरा पानोपानी सापडतो: "विषयज्ञान चांगले. वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे. आत्मविश्वास वाढवावा." वाढवावा म्हणजे उद्या दुपारी सातवीच्या वर्गात जाऊन नेमके काय करावे, ते त्या रकान्यात मावत नाही. शेरा लिहिणाऱ्याला पुढच्या शाळेत पोचायचे असते, छात्राध्यापिकेला वहीवर सही हवी असते, आणि पुढच्या पाठाला तोच शेरा पुन्हा पडतो.

या प्रकरणातली छात्राध्यापिका, शाळा आणि मार्गदर्शक कोणी एक नाहीत. सोलापूर शहरातल्या आंतरवासितेत, म्हणजे बी.एड.च्या विद्यार्थ्यांच्या शाळेतल्या प्रत्यक्ष कामात, पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका प्रकरणात गुंफल्या आहेत. त्यातले गुण आणि मिनिटे पद्धत कळावी म्हणून उदाहरणादाखल दिली आहेत.

पार्श्वभूमी

छात्राध्यापिका रसायनशास्त्राची बी.एस्सी., बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला, अध्यापन पद्धती विज्ञान आणि गणित. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतल्या कामासाठी किमान २० आठवडे राखलेले आहेत: पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. तिचे हे १६ आठवडे सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू झाले, शहराच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत. हा पट्टा यंत्रमाग आणि टॉवेल कारखान्यांचा. घरोघरी विड्या वळणाऱ्या आया. घरात तेलुगू, काही घरांत कन्नड किंवा दखनी, गल्लीत सगळ्यांची सरमिसळ, आणि शाळेत पुस्तकातली मराठी. इयत्ता सातवी, पट ५४, रोजची हजेरी ४६ ते ५०. शाळा दुपार सत्रात. विज्ञानाचा तास ३५ मिनिटांचा, आणि तोही मधल्या सुट्टीला लागून.

पहिल्या वर्षी तिचे सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावासाठी घेतलेले छोटे पाठ, वाखाणले गेले होते. आपल्याकडे रूढ असलेले चक्र ३६ मिनिटांचे असते: ६ मिनिटे अध्यापन, ६ प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), १२ पुनर्नियोजन, ६ पुनरध्यापन आणि ६ पुन्हा प्रत्याभरण. समोर विद्यार्थी म्हणून आठ-दहा सहाध्यायी. सज्जता प्रवर्तन (वर्गाला विषयाकडे वळवणे), स्पष्टीकरण, फलक लेखन, चेतक बदल (आवाज, हालचाल बदलत राहणे), प्रबलन (उत्तराला दाद देणे), सगळीकडे वरचे गुण. या चक्राशी आमचे भांडण नाही. फळ्यावर सरळ ओळीत लिहायला आणि उदाहरण नेमके द्यायला ते झकास शिकवते. पण त्या सहाध्याय्यांपैकी कोणी पाठ चालू असताना "मॅडम, ह्यो माझं पेन घेतलाय" म्हणत उभा राहत नाही. नऊ गटांना साहित्य वाटणे, ते परत गोळा करणे, घामाघूम होऊन आलेला वर्ग खाली बसवणे या गोष्टी सहा मिनिटांत आणि आठ माणसांत येतच नाहीत. म्हणजे तिचा आत्मविश्वास खोटा नव्हता. ज्या कामात तो कमावला होता ते काम वेगळे होते.

तिसऱ्या आठवड्यातला तास

पहिले दोन आठवडे महाविद्यालयाचे मार्गदर्शक सर रोज मागच्या बाकाजवळ खुर्ची टाकून बसत. वर्ग शांत असे. तिसऱ्या आठवड्यात त्यांना दुसऱ्या शाळेत जावे लागले आणि वर्गशिक्षिका पेपर तपासायला शिक्षक खोलीत गेल्या. त्या दिवशीचा घटक उष्णतेचे वहन. पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, नीटनेटके, उद्दिष्टे, साहित्य, प्रश्न सगळे जागच्या जागी. प्रयोग असा: स्टीलच्या चमच्याच्या दांड्यावर मेणाच्या थेंबांनी तीन टाचण्या चिकटवायच्या, दुसरे टोक मेणबत्तीवर धरायचे, टाचण्या कोणत्या क्रमाने पडतात ते पाहायचे. नऊ गट, नऊ मेणबत्त्या.

घंटेनंतर पहिली ४ मिनिटे मुले आत येण्यात गेली. त्यानंतरची ७ मिनिटे तिची होती: गरम कढईतल्या उलथण्याचे उदाहरण, तीन प्रश्न, फळ्यावर शीर्षक. वर्ग तिच्याबरोबर होता. अकराव्या मिनिटाला ती म्हणाली, "आता सहा-सहा जणांचे गट करा." इथून सुटले. गट म्हणजे कोणाबरोबर, हे सांगितले नव्हते. पन्नास मुले एकदम उठली आणि बाक सरकले. साहित्य टेबलावर एकाच खोक्यात असल्याने प्रत्येक गटातून तीन-चार जण पुढे धावले. मेणबत्त्या विझू नयेत म्हणून पंखे बंद केले होते. ऑक्टोबरातली सोलापूरची दुपार, वर पत्रा. सतराव्या मिनिटाला मेणबत्त्या पेटल्या, आणि मग बराच वेळ काहीच घडले नाही. टाचण्या पडेनात. दोन गटांनी चमचा हलवून पाडल्या. एकाने मेण बोटावर घेतले. खिडकीपाशी चार-पाच मुले तेलुगूत काहीतरी बोलून हसली. तिने आवाज चढवला, आवाज फाटला, आणखी हसू आले. सव्विसाव्या मिनिटाला तिने मेणबत्त्या विझवायला लावल्या आणि "वह्या काढा, उत्तर लिहून घ्या" म्हणत उरलेली ९ मिनिटे मजकूर सांगितला. वर्ग चटकन शांत झाला.

हे शांत होणे आम्हाला या तासातले सर्वांत घातक वाटते. मजकूर सांगितला की वर्ग आवरतो, हा धडा तिला हातोहात मिळाला. पुढचे सगळे पाठ खडू आणि फळा यांवर आले. प्रयोगाचे साहित्य टाचणात लिहिले जाई, पिशवीतून बाहेर निघत नसे. तिने मुख्याध्यापकांकडे पाचवीचा वर्ग मागितला, मग वर्गशिक्षिकेकडून तपासायला वह्या. मदतीचा हात वाटावा अशी ही कामे, पण खरे तर ती वर्गापासून लांब जात होती.

मोजायचे काय

चौथ्या आठवड्यात तिला, शिक्षकाला स्वतःच्या कामाची किती खात्री वाटते ते मोजणारी, एक १२ प्रश्नांची श्रेणी मराठीत करून भरायला दिली. मूळ श्रेणी मेगन चॅनन-मोरान आणि अनिता वुलफोक हॉय या अमेरिकन संशोधकांची, २००१ सालची. मोठी २४ प्रश्नांची, छोटी १२ प्रश्नांची. प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ गुण, आणि तीन भाग: अध्यापनाच्या युक्त्या, मुलांचा सहभाग, वर्ग व्यवस्थापन. आंतरवासितेपूर्वी तिने हीच भरली होती तेव्हा सरासरी ७.६ होती, तिन्ही भागांत जवळपास सारखी. आता सरासरी ५.१ झाली. अध्यापन ७, सहभाग ५.२५, व्यवस्थापन ३.

मूळ संशोधकांनीच म्हटले आहे की, अजून नोकरीत नसलेल्यांच्या बाबतीत हे तीन भाग एकमेकांपासून नीट सुटे होत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एकूण गुण घ्यावा. मोजमाप म्हणून ते बरोबर आहे. पण मार्गदर्शन करताना ५.१ या आकड्याचे काय करायचे? तो "मध्यम" म्हणून वहीत जातो आणि विसरला जातो. ७ आणि ३ शेजारी ठेवले की बोलायला विषय मिळतो.

दुसरे साधन याहून उपयोगी ठरले. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी स्व-कार्यक्षमता (एखादे काम आपल्याला जमेल ही स्वतःबद्दलची खात्री) ही कल्पना १९७७ मध्ये मांडली आणि २००६ मध्ये अशा श्रेणी कशा बनवाव्यात हेही लिहिले. सोप्यापासून अवघडापर्यंत नेमकी कामे लिहायची आणि प्रत्येकापुढे ० ते १०० मध्ये, दहाच्या टप्प्याने, "हे मी आत्ता करू शकते याची किती खात्री?" एवढेच विचारायचे. "करेन का" हा प्रश्न इराद्याचा असतो, "करू शकते का" हा क्षमतेचा. तिची शिडी अशी निघाली: सातवीला फळ्यावर दहा मिनिटे समजावणे ९०, चुकीचे उत्तर हाताळणे ७०, सुट्टीनंतर आलेला वर्ग तीन मिनिटांत बसवणे ४०, सर नसताना पूर्ण तास ३०, गटांत साहित्य वाटून परत गोळा करणे २०, ऐनवेळी नववीवर बदली तास १०.

एक व्यवहाराची गोष्ट. हा कागद अंतर्गत गुण देणाऱ्याच्या हातात जाणार असेल तर सगळीकडे ८० च्या वर आकडे येतात. तो गुणांच्या फायलीत लावायचा नाही, हे आधी सांगावे आणि पाळावे.

वर्ग का सुटला

पहिले कारण भौतिकशास्त्राचे आहे, आणि ते कोणाच्याही शेऱ्यात आले नव्हते. स्टेनलेस स्टील धातू असले तरी उष्णतेच्या बाबतीत आळशी. ॲल्युमिनियमच्या मानाने ते सुमारे पंधरा पट कमी वाहक. दांड्याच्या मधल्या टाचणीपर्यंत उष्णता पोचायला सहज पाच-सात मिनिटे जातात. म्हणजे पन्नास मुलांना, पंखे बंद करून, हातात आग देऊन, काहीही न घडणारी सात मिनिटे दिली गेली. तिथे वीस वर्षे मुरलेल्या शिक्षकाचाही वर्ग सुटला असता. जेकब कूनिन यांनी वर्गांच्या चित्रफिती पाहून १९७० मध्ये मांडलेला निष्कर्ष इथे तंतोतंत लागू पडतो: गोंधळ झाल्यावर शिक्षक काय करतो यापेक्षा गोंधळाला जागाच राहू नये म्हणून तास कसा पुढे सरकत ठेवतो, यावर वर्ग ठरतो. तिच्या तासात दोन पोकळ्या होत्या, ११ ते १७ आणि १७ ते २६. बाकी तास ठीक होता. पण तिने स्वतःला सांगितले ते असे: "मला वर्ग आवरत नाही."

दुसरे कारण मागची खुर्ची. बांडुरा यांच्या मांडणीत खात्रीचे सर्वांत बळकट मूळ म्हणजे स्वतः तडीस नेलेले काम. पहिले दोन आठवडे वर्ग शांत होता, पण ते यश तिच्या खात्यावर जमाच झाले नाही. ते सरांच्या खात्यावर गेले. मुलांनीही तसेच मानले, तिनेही. त्यात सर अधूनमधून मागून "ए, गप्प बसा रे" म्हणत. त्या क्षणी वर्ग गप्प होई आणि पुढे उभ्या असलेल्या बाईंची किंमत थोडी कमी होई.

तिसरे, ती कोणाकडे पाहून शिकत होती? वर्गशिक्षिका नजरेने वर्ग बसवतात. ते पाहून शिकायला मिळते ते एवढेच की आपल्याला ही नजर नाही. आपल्या जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचे मानकरी ठरले, आणि तेव्हापासून बी.एड.च्या प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात त्यांचे उदाहरण येते. अभिमान वाटावा असेच ते आहे. पण खात्री वाढायला आदर्श आपल्याच पायरीच्या आसपासचा लागतो: आपल्यासारखाच अडखळणारा आणि अडखळून सावरणारा. तिच्याच शाळेत सहावीवर असलेला तिचा सहाध्यायी त्या कामाचा होता, आणि त्याचा तास तिने एकदाही पाहिला नव्हता.

शब्दांनी धीर देणे हे मूळ स्वतः तडीस नेलेल्या कामाच्या मानाने कच्चे. "घाबरू नका मॅडम, जमेल" हे ऐकून वर्गात गेले आणि जमले नाही, तर पुढच्या वेळी धीर देणाऱ्यावरचाच विश्वास उडतो. शरीराचे म्हणाल तर, कोरडा घसा, धडधड आणि चढा आवाज यांचा अर्थ ती "मी हरतेय" असा लावत होती. निम्मे त्यातले पत्र्याखालच्या दुपारचे होते.

आणि ते खिडकीपाशचे तेलुगू. आपल्यावरच हसतात अशी तिची समजूत. सहाध्याय्याने, त्याच्या घरी तेलुगू बोलतात, दुसऱ्या एका तासाला दाराबाहेर उभे राहून ऐकले. एक मुलगा दुसऱ्याला गणित समजावत होता आणि चुकीचे समजावत होता, म्हणून तिसरा हसत होता. दर वेळी असेच असेल असे नाही; कधी टिंगलही असते. पण न कळणारी भाषा कानावर आली की घाबरलेले मन वाईटच अर्थ लावते.

काय केले

पाचव्या आठवड्यापासून "आत्मविश्वास" हा रकाना तिच्या निरीक्षणातून काढला. त्या जागी सरांनी दोनच गोष्टी लिहायच्या: दर पाच मिनिटांनी किती ओळी कामात आहेत, आणि एका कामातून दुसऱ्यात जायला किती सेकंद लागले. पहिल्या नोंदीत हे आकडे असे आले: वर्ग बसायला २४० सेकंद, वह्या काढायला ११०, गट करायला ते विचारूच नका. असे आकडे समोर आले की काय दुरुस्त करायचे ते आपोआप कळते.

बसण्याची व्यवस्था आधी. एका बाकावर तीन मुले, अठरा बाक. गट करायचे म्हणजे विषम ओळीतल्या तिघांनी फक्त मागे तोंड फिरवायचे. बाक हलत नाही, कोणी उठत नाही, सहा जणांचा गट तयार. हे तिने विज्ञान न शिकवता, खेळ म्हणून, एका तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत चार वेळा करून घेतले. शेवटच्या वेळी १५ सेकंद लागले.

साहित्य नऊ ताटल्यांत आधीच मांडलेले. प्रत्येक गटाचा एकच वाटपकर्ता, त्याचे नाव फळ्याच्या कोपऱ्यात. क्रम ठरलेला: आधी सूचना, मग एका मुलाने ती सूचना स्वतःच्या शब्दांत परत सांगायची, मग ताटल्या. हा क्रम उलटला की सूचना कोणी ऐकत नाही, कारण हातात वस्तू आलेली असते. सूचना फळ्यावर तीन ओळींत. चौथी ओळ लागली तर प्रयोगच दोन भागांत तोडायचा.

वहनाचा प्रयोग तिने सहाव्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीवर नव्याने केला. आग बाद. थर्मासमधले साधारण ६० अंशांचे पाणी, स्टीलच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत; ओतायचे तिने स्वतः, मुलांनी नाही. त्यात ॲल्युमिनियमची जाड तार, स्टीलचा चमचा आणि आइस्क्रीमची लाकडी काडी. एका मिनिटाने तिन्हींच्या वरच्या टोकाला बोट लावायचे आणि क्रम लिहायचा. तीन मिनिटांनी पुन्हा. आधी डालड्याने साबुदाणे चिकटवून ते कोणत्या क्रमाने गळतात ते पाहायचा बेत होता, पण ऑक्टोबरात डालडा दुपारपर्यंत आपोआपच सुटतो. बोट बरे. पहिल्या मिनिटाला तार गरम आणि चमचा थंडच, "स्टील पण धातूच आहे ना मॅडम?" हा प्रश्न मुलांकडूनच आला. पंखे चालू होते. पोकळी उरलीच नाही, कारण एक मिनिट म्हणजे क्रमाचा अंदाज लिहायला लागणारा वेळ.

सरांशी एक करार झाला. मागून बोलायचे नाही. तिला मदत हवी असेल तर ती डस्टर टेबलाच्या कडेला उभे ठेवेल. आडवे असेपर्यंत सरांनी काहीही झाले तरी वहीत डोके. पाचव्या आठवड्यात खुर्ची मागे, सहाव्यात दाराबाहेर व्हरांड्यात, दिवाळीनंतर शिक्षक खोलीत. सोबत जबाबदारीही पायरीने वाढवली: आधी तासाची पहिली आठ मिनिटे पूर्ण तिची, मग वीस, मग पूर्ण तास. आठ मिनिटांत तडीस गेलेले काम पस्तीस मिनिटांच्या अर्धवट कामापेक्षा जास्त खात्री देते. काही मार्गदर्शक म्हणतात, पाण्यात ढकला, पोहायला येते. येतेही काही जणांना. उरलेले काठावर नोकरी करतात.

बारीक युक्त्यांपैकी तीन टिकल्या. पहिली, प्रश्न विचारल्यावर थांबणे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवले की शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात व जास्त मुले बोलतात. तिच्या मोबाइलवर फक्त तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकला तेव्हा प्रश्न आणि स्वतःचेच उत्तर यांत जेमतेम श्वासाचे अंतर होते. त्याच ध्वनिमुद्रणात "शांत बसा" इतक्या वेळा होते की ती स्वतःच मोजायची थांबली. (चित्रफीत काढायची तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी हवी, स्वतःच्या आवाजाने काम भागते.) दुसरी युक्ती, नावांचा नकाशा: बाकांप्रमाणे ५४ नावे एका कागदावर, रोज एक ओळ पाठ. "ए निळ्या दप्तरवाल्या" म्हणण्यापेक्षा नाव घेऊन प्रश्न विचारणे, आणि त्या बाकाशेजारी जाऊन उभे राहणे. तिसरी, तेलुगूतले दोन-तीन शब्द. एका मुलाला तिने सहज "चेप्पु" म्हटले, म्हणजे सांग. अख्खा वर्ग हसला, पण या वेळी तीही हसत होती. कुजबुज बंद झाली नाही. ती मोठ्याने होऊ लागली, मराठीत भाषांतरासह, आणि हे जास्त उपयोगाचे होते.

आणखी एक: तिच्या विनंतीवरून विज्ञानाचा तास मधल्या सुट्टीपासून हलवून दुसरा केला. यात कौशल्य काही नाही. चार मिनिटे वाचली.

छडीबद्दल बोलावेच लागेल. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करते. पण मुलांनी आजूबाजूला पट्टीचा धाक पाहिलेला असतो, आणि एका मुलाने तिला तोंडावर विचारले, "मॅडम, तुम्ही मारत नाही का?" छात्राध्यापिकेला इथे आपण निःशस्त्र आहोत असे वाटते. म्हणून तिच्या हातात काय आहे ते आधी ठरवून दिले: जवळ जाणे, नाव घेणे, जागा बदलणे, तासानंतर दोन मिनिटे एकट्याशी बोलणे, आणि शेवटी वर्गशिक्षिका. या क्रमाने, आणि पायरी न गाळता.

मध्ये काय बिघडले

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा पुन्हा शून्यावर. गट करायला परत तीन मिनिटे. तिने त्याचा अर्थ "जे जमले होते तेही गेले" असा लावला. सुट्टीनंतर सवयी पुन्हा बसवाव्या लागतात, त्यासाठी दोन तास आधीच राखून ठेवायचे असतात, हे तिला आधी सांगायला हवे होते, सांगितले नव्हते.

नवव्या आठवड्यात शाळेने तिला नववीवर बदली तास दिला. शिक्षक रजेवर असले की छात्राध्यापकांना असे तास लावण्याची पद्धत सगळीकडे आहे. टाचण नाही, नावे माहीत नाहीत, मुले तिच्याहून उंच. दहाव्या मिनिटाला वर्ग गेला. शिडीवर तिने त्या दिवशी सगळ्याच पायऱ्यांचे आकडे खाली आणले, सातवीचेसुद्धा. चर्चेत एवढेच केले: शिडीचा कागद पुढे ठेवून विचारले, आज कोणती पायरी पडली? सर्वांत वरची, जिच्यापुढे तिने स्वतःच १० लिहिले होते. सातवीच्या पायऱ्यांवर त्या दिवशी काहीच घडले नव्हते. मग पुढच्या बदली तासासाठी एक तयार पिशवी केली: सहा कोडी, एक अंदाज बांधण्याचा खेळ, कोऱ्या चिठ्ठ्या, कोणत्याही इयत्तेला चालेल असे ३५ मिनिटांचे काम.

जानेवारीत उलटाच पेच. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. त्या दिवसांत वर्गात अठ्ठावीस-तीस मुले. तिचा तास अप्रतिम झाला आणि तिने शिडीवर सरसकट ९० लिहिले. सरांनी तो तास मोजायचा नाही असे ठरवले. तिला वाईट वाटले, पण तीस मुलांच्या तासावर पन्नासांची खात्री बांधली की पुढच्या सोमवारी ती कोसळते.

सोळाव्या आठवड्याच्या नोंदी

१२ प्रश्नांच्या श्रेणीत व्यवस्थापन ३ वरून ६ वर, सहभाग ५.२५ वरून ६.२५ वर आला. अध्यापनाच्या युक्त्या मात्र ७ वरून ६.५ वर उतरल्या. एकूण ६.२५, आंतरवासितेपूर्वीच्या ७.६ पेक्षा कमीच. महाविद्यालयाच्या तक्त्यात ही घसरण दिसते आणि कार्यक्रम फसला असे कोणी म्हणू शकते. आम्हाला ६.२५ हा आकडा जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यामागे पन्नास मुलांचा वर्ग आहे. अध्यापनाचे गुण उतरण्याचे कारणही तिनेच सांगितले: मुले प्रश्न विचारू लागल्यावर आपल्याला काय सांगता येत नाही ते कळू लागले.

वर्तनातले बदल आकड्यांहून ठळक होते. वर्ग बसायला ५० ते ७० सेकंद. शेवटच्या पाच आठवड्यांत सात प्रयोग, सगळे गटात. डस्टर दोनदा उभे राहिले. एकदा मुलाच्या नाकातून रक्त आले म्हणून, एकदा खरोखर वर्ग आवरेना म्हणून. दुसऱ्या वेळी सर आत आले, एका बाकाशेजारी उभे राहिले, काही न बोलता परत गेले.

नववीचे काम राहिले. तयार पिशवी घेऊन तिने आणखी दोन बदली तास घेतले. एक बरा गेला, एक नाही. शिडीवर तो आकडा १० वरून ४० वर आला आहे. तिच्या जागी जून नंतर जी तुकडी येईल तिच्यासाठी शाळेने दोन गोष्टी मान्य केल्या आहेत: पहिल्या सहा आठवड्यांत छात्राध्यापकांना अनोळखी वर्गावर बदली तास लावायचा नाही, आणि प्रत्येकाने आठवड्यातून एकदा सहाध्याय्याचा तास मागे बसून, हातात घड्याळ घेऊन पाहायचा. निरीक्षण वहीतला "आत्मविश्वास" हा रकाना अजून छापील आहे. सध्या त्यात सेकंद लिहिले जातात.